हिंगोलीचे १४,५४२ आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा शंभर वर्षांचा हिशेब

१.
जुलै २०२५. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधान परिषदेत हिंगोली जिल्ह्यातील एका मोहिमेची माहिती दिली. ८ मार्च २०२५ या महिला दिनी सुरू झालेल्या ‘संजीवनी’ अभियानात २,९२,९९६ महिलांना प्रश्नावलीच्या आधारे त्यांची लक्षणे विचारण्यात आली होती. त्यांपैकी १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे दिसली. हा आकडा लगोलग देशभरच्या मथळ्यांत झळकला आणि हिंगोलीत कर्करोगाची लाट आली आहे, असा अनेकांचा समज झाला.

२.
त्याच निवेदनात आणखी तीन लहान आकडे होते. पुढील तपासण्यांनंतर निश्चित निदान झालेल्या महिला अशा : गर्भाशयमुखाचा कर्करोग ३, स्तनाचा १ आणि तोंडाचा ८. एकूण १२. एका बाजूला १४,५४२ आणि दुसऱ्या बाजूला १२ ही विसंगती नव्हे. पहिला आकडा संशयाचा आहे, दुसरा निदानाचा. लक्षण आणि रोग यांतील हे अंतर ओलांडण्यासाठी वैद्यकाला शतकभर खपावे लागले. ‘कर्करोग किती आढळतो?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या कष्टांतूनच मिळाले आहे.

३.
या यादीत एक कर्करोग नव्हता : मोठ्या आतड्याचा आणि त्याच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे गुदाशयाचा. (यापुढे दोहोंना मिळून ‘मोठ्या आतड्याचा कर्करोग’ म्हटले आहे.) देशाच्या सरकारी कार्यक्रमात गावपातळीवरील तपासणीसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन जागा निवडलेल्या आहेत. जगाचे चित्र मात्र वेगळे आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. नव्या रुग्णांच्या संख्येत हा जगात तिसरा आणि मृत्यूंच्या संख्येत दुसरा कर्करोग आहे.

४.
मग हिंगोलीत तो किती? प्रगत देशांत त्यातून बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, ते कशामुळे? आणि ती वाढ औंढा नागनाथ किंवा सेनगावच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचायची असेल, तर मध्ये काय आडवे येते? या तीन प्रश्नांचा इतिहास पुढीलप्रमाणे.

५.
हिंगोली जिल्हा तसा तरुण. परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी तो अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. कर्करोगाची राष्ट्रीय आकडेवारी ज्या ‘लोकसंख्या-आधारित नोंदण्यां’वर उभी असते, त्या २०२० च्या राष्ट्रीय अहवालात २८ होत्या. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड यांचा समावेश होता. हिंगोलीचा नव्हता. म्हणून हिंगोलीचे उत्तर शेजाऱ्यांच्या वहीत शोधावे लागते.

६.
ही वही उघडण्यापूर्वी एक जुना समज पाहायला हवा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक युरोपीय डॉक्टरांचे असे मत होते की, कर्करोग हा ‘सुधारलेल्या’ समाजांचा रोग असून हिंदुस्थानात तो दुर्मीळ आहे. १९३० च्या दशकात नाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी देशभरच्या रुग्णालयांतील शवविच्छेदने आणि ऊतींच्या तपासण्या यांच्या नोंदी गोळा करून हा समज खोडून काढला. कर्करोग येथेही होताच. मात्र जेथे सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते, तेथे उतारवयाचा रोग होण्याइतकी वर्षे फार थोड्यांच्या वाट्याला येत. प्लेग, हिवताप आणि क्षय यांनी माणूस आधीच नेलेला असे.

७.
या विचाराला मुंबईत संस्थेचे बळ मिळाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. राहणीमान आणि कर्करोग यांची सांगड घालणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगावर त्यांनी १९४० च्या दशकात लिहिले. ‘धोतीचा कर्करोग’ हे नाव त्यामुळे जागतिक वैद्यकीय वाङ्मयात गेले. एकाच देशातील निरनिराळ्या समाजांत कर्करोगाच्या जागा वेगवेगळ्या असतात, हे अशा कामातून ठसले.

८.
तरीही रुग्णालयाच्या नोंदींत एक मूलभूत उणीव राहते. रुग्णालयात आलेला रुग्ण मोजला जातो, न आलेला राहून जातो. शिवाय तो किती लोकांमधून आला, हेही कळत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. पद्धत अशी : एक निश्चित भूभाग घ्यायचा, तेथील रहिवाशांमधील प्रत्येक नवा रुग्ण शोधायचा, मग तो कोठल्याही रुग्णालयात का जाईना, आणि त्या संख्येला लोकसंख्येने भागायचे. ‘दर लाखी अमुक’ हा आकडा येथून येतो. दोन प्रदेशांतील वृद्धांचे प्रमाण भिन्न असल्यास तुलना फसू नये, म्हणून वयाचा हिशेबही त्यात जुळवून घेतात.

९.
हीच पद्धत पुढे पुणे (१९७३), औरंगाबाद (१९७८) आणि नागपूर (१९८०) येथे गेली. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नोंदणीमुळे मराठवाडा प्रथमच कर्करोगाच्या नकाशावर आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. परंतु हे सारे शहरांचे हिशेब होते. बहुसंख्य भारतीय खेड्यांत राहत आणि खेड्यांचा आकडा कोरा होता.

१०.
तो कोरा रकाना १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने भरला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात, डॉ. बी. एम. नेने यांच्या नेतृत्वाखालील कामातून, देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे तालुके होते, म्हणजे मराठवाड्याचा एक कोपराही. एकूण ३४६ गावे. येथे शहरी पद्धत चालणार नव्हती, कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयाची पायरी चढेलच याची खात्री नव्हती. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊ लागले, लोकांशी बोलू लागले, लक्षणे समजावून सांगू लागले आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी आणू लागले.

११.
यातून एक अनपेक्षित लाभ झाला. मोजण्यासाठी सुरू केलेल्या या फेऱ्यांमुळे काही वर्षांतच बार्शी परिसरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत होऊ लागले. नवे औषध आले नव्हते, नवे यंत्रही नव्हते. कोणते लक्षण अंगावर काढायचे नाही, एवढे लोकांना कळले होते. संशोधकांनी १९९५ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. नोंदवही आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१२.
आता मुख्य प्रश्न. या सर्व वह्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग किती? उत्तर : कमी, आणि ग्रामीण भागात शहरापेक्षाही कमी. देशपातळीवर २०२२ मध्ये सुमारे ७० हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे, म्हणजे लाखामागे साधारण पाच. वयाचा हिशेब जुळवून पाहिला, तर अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत हे प्रमाण भारताच्या कित्येक पट भरते. देशाची सरासरी हिंगोलीला जशीच्या तशी लावली, तर वर्षाला साठाच्या आसपास रुग्ण येतील. ग्रामीण दर त्याहून कमी असल्याने प्रत्यक्षात ते काही डझन असावेत. हा नोंदीतला आकडा नव्हे, केवळ गुणाकार आहे. रोगाचे आकारमान किती, हे समजण्यापुरता तो पुरे.

१३.
प्रमाण कमी का? १९७१ मध्ये आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतील अनुभवावरून असे मांडले की, कोंडा-चोथायुक्त आहार घेणाऱ्या समाजांत हा रोग विरळ असतो. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी खाणाऱ्या मराठवाड्याला हे वर्णन लागू पडते. पण चोथा हे एकमेव कारण नव्हे. लठ्ठपणा, बैठी जीवनशैली, मद्य, तंबाखूचे धूम्रपान आणि प्रक्रिया केलेले मांस हे सारे धोका वाढवतात. जपानमधून हवाईत स्थायिक झालेल्या कुटुंबांत एक-दोन पिढ्यांतच या रोगाचे प्रमाण स्थानिकांच्या पातळीला पोहोचले. तेथे रक्त तेच होते, राहणी बदलली होती. म्हणजे आजचा कमी दर हा कायमचा पट्टा नव्हे.

१४.
वसमतच्या परिसरात हळदीचे नाव निघणारच. हळदीतील कुरकुमीन या द्रव्यावर कर्करोगाच्या संदर्भात जगभर प्रयोगशाळांत भरपूर संशोधन झाले आहे. परीक्षानळीतील पेशींवर त्याचे परिणाम दिसतात. परंतु पोटात घेतल्यावर ते शरीरात फारच थोडे शोषले जाते आणि माणसांमधील कर्करोग त्याने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. हळद हे हिंगोलीचे मोलाचे पीक आहे, त्याला औषधाचे बिरुद लावण्याची गरज नाही.

१५.
कमी दराची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. टाटा मेमोरियलने एका वर्षातील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा त्यांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत निदान बहुधा साठीनंतर होते. आपली लोकसंख्या तरुण असल्याने काही फरक पडणारच. तरी अर्थ एवढा स्पष्ट आहे की, येथे हा रोग अनेकदा घरातल्या कमावत्या माणसाला गाठतो. आणि वय कमी असल्यामुळेच ना रुग्णाला शंका येते, ना डॉक्टरला.

१६.
शंका न येण्याचे एक अस्सल देशी कारण आहे : मूळव्याध. शौचावाटे रक्त पडले की शंभरांतले बहुतेक जण हाच शब्द उच्चारतात, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. मग गावातल्या पाटीवरचे ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ हे शब्द वाचून पुड्या सुरू होतात. महिन्यांमागून महिने जातात. गुदाशयातील अनेक गाठी हातमोजा घालून केलेल्या बोटाच्या साध्या तपासणीत लागतात, पण संकोचापायी तीच तपासणी टळते. दुर्मीळ रोग सामान्य रोगाचे रूप घेऊन येतो, तेव्हा त्याचा दुर्मीळपणाच घातक ठरतो.

१७.
आता उपचारांचा इतिहास. १८२६ मध्ये पॅरिसमध्ये जॅक लिस्फ्रांक यांनी गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा भूलही नव्हती आणि जंतुनाशनही नव्हते. जंतुनाशनाच्या युगातही यश दूरच होते. लंडनचे विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी आपल्या ५७ शस्त्रक्रियांचा पाठपुरावा केला आणि त्यांपैकी ५४ रुग्णांत रोग उलटला, हे प्रामाणिकपणे नोंदवले. अपयशाच्या या मोजणीतून त्यांनी शवविच्छेदनांद्वारे रोग कोणत्या वाटेने पसरतो याचा शोध घेतला. १९०८ मध्ये त्यांनी पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी करायची व्यापक शस्त्रक्रिया मांडली. किंमत मोठी होती : आरंभी बरेच रुग्ण शस्त्रक्रियेतच दगावत आणि वाचलेल्यांना पोटावर काढलेल्या शौचमार्गासह आयुष्य काढावे लागे.

१८.
१९३२ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतितज्ज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी एक साधी वर्गवारी दिली. रोग आतड्याच्या भिंतीपुरता असेल तर ‘ए’, भिंत ओलांडली असेल तर ‘बी’, लसिका ग्रंथींत पोहोचला असेल तर ‘सी’. वरकरणी ही तीन अक्षरेच. पण त्यांमुळे प्रथमच जगभरच्या शल्यविशारदांना एकमेकांच्या निकालांची खरी तुलना करता आली आणि रोग लवकर हाती लागला तर माणूस वाचतो, ही केवळ आशा न राहता मोजता येणारी गोष्ट झाली. आजच्या अमेरिकी आकडेवारीत रोग जागेवरच असताना सापडल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. तोच दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर पंधरा टक्क्यांच्या आसपास.

१९.
शस्त्रक्रियेतील पुढची मोठी झेप १९८२ ची. इंग्लंडमधील बेझिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी दाखवून दिले की, गुदाशयाभोवती चरबी व लसिका ग्रंथींचे जे वेष्टन असते, ते न फाडता अखंड काढले पाहिजे. पूर्वी अनेक ठिकाणी दर चार-पाच रुग्णांतील एकाला किंवा त्याहून अधिक जणांना त्याच जागी रोग पुन्हा होत असे. काळजीपूर्वक केलेल्या नव्या शस्त्रक्रियेने हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. आतड्याची टोके जोडणारे स्टेपलर आल्यामुळे कायमच्या पिशवीची गरजही पुष्कळ रुग्णांत टळली. येथे औषध बदलले नव्हते, शल्यविशारदाचा हात शिस्तीत आला होता.

२०.
औषधांची कथा समांतर चालली. १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या गटाने फ्लुरोयुरॅसिल हे औषध तयार केले. शस्त्रक्रियेनंतर लसिका ग्रंथींत रोग असलेल्या रुग्णांना त्यावर आधारित उपचार दिल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. म्हणजे रेणूपासून ठोस पुराव्यापर्यंत तेहतीस वर्षे लागली. २००४ मध्ये ऑक्सॅलिप्लाटिनची जोड देण्याचा फायदा समोर आला. त्याच वर्षी एका जर्मन अभ्यासाने गुदाशयाच्या वाढलेल्या गाठीला किरणोपचार आणि केमोथेरपी शस्त्रक्रियेनंतर देण्यापेक्षा आधी देणे सरस असल्याचे दाखवले.

२१.
२०२२ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या बातमीने तर सर्वांना थक्क केले. जनुकांतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या एका विशिष्ट प्रकारात, केवळ प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या डोस्टार्लिमॅब या औषधाने पहिल्या बाराही रुग्णांतील गुदाशयाची गाठ पूर्ण नाहीशी झाली. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाहीत. मात्र हा प्रकार गुदाशयाच्या कर्करोगाच्या थोड्याच रुग्णांत असतो, हे त्या बातमीच्या उत्साहात विसरून चालत नाही.

२२.
सर्वांत मोठा बदल मात्र रोग होण्याआधीच्या टप्प्यावर झाला. हा कर्करोग बहुधा ‘पॉलिप’ नावाच्या लहानशा मांसल उंचवट्यातून सुरू होतो आणि उंचवट्याची गाठ होण्यास साधारणतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढण्यास सुरुवात केली. पोट उघडण्याची गरज उरली नाही. १९९३ मध्ये दोन पुरावे एकाच वर्षी आले : पॉलिप काढल्याने पुढचा कर्करोग बहुतांशी टळतो, आणि शौचातील अदृश्य रक्ताची दरवर्षी तपासणी केल्यास या रोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटतात. दुसरा निष्कर्ष मिनेसोटातील ४६ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचा होता.

२३.
या सर्वांची बेरीज आकड्यांत दिसते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यास निदानानंतर पाच वर्षे जगणारे सुमारे निम्मे होते, आता ते पासष्ट टक्क्यांच्या आसपास आहेत. मृत्युदर तर निम्म्याहून खाली आला. त्याच देशांत पन्नाशीच्या आतील लोकांत हा रोग वाढू लागला आहे, ही त्या यशाला लागलेली चिंतेची किनार. भारताचा आकडा मागे आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक तुलनेत भारतातील मोजक्या नोंदण्यांवरून पाच वर्षे जगण्याचे प्रमाण मोठ्या आतड्यासाठी ३९ टक्के आणि गुदाशयासाठी ३० टक्के होते. रोग कमी, पण झालेल्यांतले वाचणारे त्याहून कमी : भारताची अडचण या एका वाक्यात मावते.

२४.
मग हिंगोलीत प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करावी काय? इतिहासाचा कौल तसा नाही. जेथे रोग विरळ आहे, तेथे सरसकट तपासणीत हजारो निरोगी माणसे हेलपाटे घालतात आणि हाती फार थोडे लागते. तपासणी कोणत्या रोगासाठी कोठे करावी, हे मोजूनच ठरते. याचा धडा मराठवाड्यानेच जगाला दिला आहे. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ महिलांवर झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले की, एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांच्या धोरणांना आधार ठरला. तेथे रोग पुष्कळ होता, म्हणून सरसकट तपासणी फळली.

२५.
मोठ्या आतड्यासाठी बार्शीची वाट अधिक जवळची आहे : लक्षण ओळखणे आणि वेळ न दवडणे. शौचावाटे वारंवार रक्त पडणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारणाविना वजन घटणे, पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत कारण न सापडणारा रक्तक्षय, ही ती लक्षणे. यांपैकी काही आढळल्यास तरुण वयातही बोटाची तपासणी आणि गरजेप्रमाणे कोलोनोस्कोपी व्हायला हवी. जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला हा रोग झाला असेल, तर लक्षण नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण काही घराण्यांत तो जनुकांतून उतरतो.

२६.
तपासणीनंतरचा रस्ताही पूर्वीपेक्षा आखूड झाला आहे. एके काळी मराठवाड्यातील रुग्णाला परळच्या पदपथावर मुक्काम ठोकण्यावाचून गत्यंतर नसे. २०१२ मध्ये औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी राजीव गांधी जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा आला. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना या नावाने चालते आणि तिच्यात कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च येतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचेही होते. विकृतितज्ज्ञ, शल्यविशारद आणि नोंद ठेवणारा विभाग एका छताखाली येण्याची ही जिल्ह्यातली पहिलीच संधी आहे.

२७.
माइल्सने आपले अपयश मोजले, ड्यूक्सने अवस्था मोजल्या, जस्सावालांनी शहर मोजले, बार्शीने खेडी मोजली. प्रत्येक मोजणीनंतर काही माणसे अधिक जगली. ‘संजीवनी’ अभियानात जवळपास तीन लाख महिलांची दारे ठोठावली गेली, हे काम लहान नाही. त्याच प्रश्नावलीत ‘शौचावाटे रक्त पडते काय?’ ही एक ओळ वाढवणे, ती पुरुषांनाही विचारणे आणि निदान झालेल्या प्रत्येकाची पुढे पाच वर्षे नोंद ठेवणे, एवढे झाले तर हिंगोलीला शेजाऱ्यांच्या वहीत पाहावे लागणार नाही.